बाजाराच्या गावात मार्केटिंगची नोकरी : वेल्सला निघण्याआधी

"नोकरी वेल्समध्ये आहे, गाव छोटं आहे, पद मार्केटिंग मॅनेजरचं आहे. घेऊ का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. काहींनी पुण्या-मुंबईत सात-आठ वर्षं मार्केटिंगमध्ये काढलेली असतात आणि नवरा किंवा बायको वेल्समधल्या एखाद्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर किंवा नर्स म्हणून रुजू झालेली असते. बाकीचे ब्रिटनमध्येच एमएससी करून ग्रॅज्युएट व्हिसावर असतात आणि मोठ्या शहरात अर्ज करून थकलेले असतात. शंका मात्र सगळ्यांच्या सारख्याच : या पगारावर व्हिसा मिळेल का, वेल्श भाषा यायलाच हवी का, आणि एवढ्याशा गावात मार्केटिंग मॅनेजर दिवसभर करतो तरी काय?

मी स्वतः ॲबरगव्हेनीत हे काम करते, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच देते. दक्षिण-पूर्व वेल्समधलं, इंग्लंडच्या हद्दीला लागून असलेल्या मॉनमथशरमधलं हे गाव. वेल्समधल्या इतर बाजारगावांत तपशील बदलतील, पण विचार करण्याचा क्रम हाच ठेवा.

हे गाव म्हणजे शहराची छोटी प्रत नव्हे

इंग्रजीत ज्याला 'मार्केट टाउन' म्हणतात, ते समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. आठवडी बाजार भरणारं, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांना जोडणारं गाव आपण पाहिलेलं असतं. ॲबरगव्हेनीत मंगळवार हा बाजाराचा मोठा दिवस. १८७० च्या सुमारास बांधलेला मार्केट हॉल, त्याचा घड्याळाचा मनोरा आणि आतल्या छताला टांगलेल्या भल्यामोठ्या सजावटी. खाली चीज, ब्रेड, कापड, रोपं, जुनी भांडी. गावाभोवती शुगर लोफ, ब्लोरेंज आणि स्किरिड हे तीन डोंगर. गुराढोरांचा बाजारही गावातच भरायचा. २०१३ मध्ये तो बंद होऊन रॅग्लनजवळ गेला आणि जुन्या जागेवर सुपरमार्केट उभं राहिलं. गावातल्या जुन्या लोकांशी बोलताना ही गोष्ट ठाऊक असू द्या. त्यांच्या दृष्टीने तो विषय अजून संपलेला नाही.

१९९९ पासून दर सप्टेंबरात इथे खाद्यमहोत्सव भरतो. गुरांच्या 'मॅड काऊ' रोगाच्या संकटाने शेतकरी बेजार झाले होते, त्या काळात तो सुरू झाला. आज त्या दोन दिवसांसाठी ब्रिटनभरातून लोक येतात. गावातल्या निम्म्या व्यवसायांचं वर्षाचं नियोजन त्या तारखांपासून मागे मोजत ठरतं, असं म्हटलं तरी चालेल.

यातून कामाबद्दल एक गोष्ट पक्की धरून चला : तुमची जाहिरात ज्यांच्यासाठी असते, ती माणसं तुम्हाला मंगळवारी समोरासमोर भेटतात. "ताजं, स्थानिक" असं छापलंत आणि माल बाहेरून आला असेल, तर पुढच्याच बाजारात कुणीतरी ते तुम्हाला तोंडावर सांगतं. शहरात मोहीम फसली तर आकडा घसरतो. इथे माणूस बोलायचा थांबतो. हे ज्यांना ओझं वाटेल, त्यांनी कार्डिफमध्येच नोकरी शोधावी, असं मी मनापासून सांगते. ज्यांना यात रस वाटेल, त्यांना इतकं समाधानाचं मार्केटिंग दुसरीकडे क्वचितच मिळेल.

नोकऱ्या कुठे असतात

मोठ्या एजन्सीच्या जाहिरातींची वाट पाहत बसू नका. अशा गावांत मार्केटिंगचं माणूस लागतं ते खाद्यपदार्थ आणि पेयं बनवणाऱ्या कंपन्यांना, हॉटेलांना, शेतीमाल आणि अवजारं विकणाऱ्यांना, कॉलेजांना, घरबांधणी संस्थांना, नगर आणि कौंटी कौन्सिलांना, नाट्यगृहांना, वारसास्थळांना, धर्मादाय संस्थांना. कित्येकदा पदाचं नाव 'मॅनेजर' असतं आणि हाताखाली कुणीही नसतं. फोटो तुम्हीच काढायचे, मजकूर तुम्हीच लिहायचा, तंबूच्या खुंट्याही तुम्हीच ठोकायच्या. त्यात कमीपणा काही नाही, पण मुलाखतीत नीट विचारून घ्या :

- वर्षाचं मार्केटिंगचं बजेट किती, आणि त्यातलं खर्च करायला मला कुणाची परवानगी लागेल?
- वेल्श भाषांतराचा खर्च याच बजेटमधून होतो का?
- शनिवार-रविवारचे किती कार्यक्रम असतात? त्या बदल्यात सुट्टी मिळते की जादा पैसे?
- माझ्या आधी हे काम कोण करत होतं, आणि ते का सोडलं?
- गाडी असणं गरजेचं आहे का?

शेवटचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण तो आधी सोडवा. ॲबरगव्हेनीला रेल्वे स्थानक आहे आणि न्यूपोर्ट, कार्डिफ, हेरेफर्ड गाठता येतं. ब्रेकन, हे-ऑन-वाय, काउब्रिज या तितक्याच नामांकित गावांना स्थानकच नाही. भारतीय परवान्यावर तुम्हाला ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. नंतर इथला परवाना लागतो, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षेची भाषा इंग्रजी किंवा वेल्श. अकराव्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच तयारीला लागा.

व्हिसा : आधी आकडे जुळवा, मग स्वप्नं पाहा

सर्वाधिक निराशा इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

*तुम्ही जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर* तुमचा मार्ग सोपा आहे. स्किल्ड वर्कर किंवा हेल्थ अँड केअर व्हिसावरच्या व्यक्तीच्या जोडीदाराला जवळपास कुठलीही नोकरी करता येते. अपवाद व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक होण्याचा. तुमच्या मालकाला परवान्याची, प्रायोजकत्वाची काहीच गरज नसते. कित्येक छोट्या मालकांना हे माहीतच नसतं. परदेशी नाव दिसलं की "आम्ही स्पॉन्सर करत नाही" म्हणून अर्ज बाजूला पडतो. म्हणून अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट लिहा की मला काम करण्याचा पूर्ण हक्क आहे, प्रायोजकत्व नको. पुरावा म्हणून सरकारी संकेतस्थळावरून 'शेअर कोड' काढून देता येतो. निवास परवान्याची जुनी प्लास्टिकची बीआरपी कार्डं आता चालत नाहीत, सगळं ई-व्हिसावर आहे.

*तुम्ही ग्रॅज्युएट व्हिसावर असाल तर* सध्या काम करायला अडचण नाही, पण पुढचं गणित आजच मांडा. हा व्हिसा वाढवून मिळत नाही. आतापर्यंत पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो दोन वर्षांचा मिळत आला. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिन्यांचा मिळणार आहे.

*तुम्हाला प्रायोजकत्व हवं असेल तर* पुढचे मुद्दे एकेक करून तपासा :

- २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड झाला आहे. त्या कामासाठी सरकारने ठरवलेला दर याहून जास्त असेल, तर तो दर धरला जातो. नुकतं शिक्षण संपवलेल्यांना आणि काही तरुण अर्जदारांना सवलतीचा आकडा आहे, पण ती सवलत कायमची नसते.
- हिशेबात फक्त खात्रीचा मूळ पगार येतो. कमिशन आणि बोनस धरत नाहीत. "३६ हजार अधिक बोनस, म्हणजे होतील ४२" असं मालक म्हणाला, तर ते व्हिसासाठी उपयोगाचं नाही.
- आठवड्यातून तीन-चार दिवसांची नोकरी असेल, तरी ४१,७०० चा आकडा त्या प्रमाणात खाली येत नाही. कर कापण्याआधी प्रत्यक्ष मिळणारा वार्षिक पगारच तेवढा हवा.
- पदाचं नाव नव्हे, कामाचं स्वरूप पाहून व्यवसायाचा संकेतांक ठरतो. 'मॅनेजर' म्हणून नेमणूक आणि काम मात्र सहायकाचं, असं असेल तर अर्ज अडकू शकतो. मालक कुठला संकेतांक लावणार आहे, हे लेखी विचारा.
- प्रायोजकत्वाचा परवाना असलेल्या मालकांची यादी सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. मुलाखतीआधी ती उघडून त्यात नाव शोधा.
- ८ जानेवारी २०२६ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना इंग्रजीची पातळी बी-२ दाखवावी लागते.
- आरोग्य अधिभार प्रौढांसाठी माणशी वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. नवरा, बायको आणि मुलं धरली की ही रक्कम अंगावर येते. तुमचा मालक ती देणार आहे का, हे ऑफर स्वीकारण्याआधी ठरवा.

आता माझं प्रामाणिक मत. अशा गावांतल्या मार्केटिंग पदांच्या ज्या जाहिराती मी पाहते, त्यांतल्या बऱ्याच ४१,७०० च्या खाली असतात. त्यामुळे केवळ प्रायोजकत्वासाठी बाजारगावात नोकरी शोधणं हा वेळ खाणारा मार्ग आहे. ज्यांच्याकडे काम करण्याचा हक्क आधीच आहे, त्यांच्यासाठी मात्र हीच गावं संधीची आहेत, कारण अनुभवी माणसं शहराकडे निघून जातात आणि जागा रिकाम्या राहतात.

एक सावधगिरी. परवान्याची फी, प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राची फी आणि 'इमिग्रेशन स्किल्स चार्ज' यांचा बोजा मालकाला स्किल्ड वर्करच्या माथी मारता येत नाही. "स्पॉन्सरशिप लावून देतो, अमुक लाख भरा" असं भारतात बसलेला एजंट म्हणाला, तर तिथेच व्यवहार थांबवा. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा. माझ्या लेखावरही विसंबू नका.

वेल्श यायलाच हवी का?

थोडक्यात उत्तर : गावावर आणि मालकावर अवलंबून आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के होते. मॉनमथशरमध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांच्याही आत आहे. कार्मार्दनशरमध्ये सुमारे ४० टक्के, आणि वायव्येकडच्या ग्वेनेदमध्ये ६४ टक्क्यांवर. ग्वेनेदमधल्या डोल्गेल्लाईतली नोकरी आणि ॲबरगव्हेनीतली नोकरी भाषेच्या दृष्टीने दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

२०११ च्या कायद्याने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा आहे. कौन्सिलसारख्या सार्वजनिक संस्थांना वेल्श भाषेची बंधनकारक मानकं लागू होतात. अशा संस्थांच्या जाहिरातीत पदापुढे चारपैकी एक शेरा दिसेल : वेल्श आवश्यक, नेमणुकीनंतर शिकावी लागेल, असल्यास उत्तम, गरज नाही. दुसरा शेरा वाचून घाबरू नका. शिकण्याची सोय बहुधा मालकच करतो. खासगी दुकानदार किंवा हॉटेल यांच्यावर सहसा असं बंधन नसतं. पण त्यांनी कौन्सिलचं अनुदान घेतलं किंवा कंत्राट घेतलं, की अटींमध्ये द्वैभाषिक मजकूर येऊ शकतो. अनुदानाचा करार आला की आधी ते पान शोधा.

कायद्यापलीकडचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून आपल्याकडे जीव तोडून बोलणारी माणसं आहेत. ती तळमळ ज्याला कळते, त्याला वेल्श माणसाची तळमळ समजावून सांगावी लागत नाही. शाळेत वेल्श बोललं म्हणून मुलांच्या गळ्यात लाकडी फळी अडकवण्याची शिक्षा एकोणिसाव्या शतकात दिली जात असे. ही आठवण घराघरांत आहे. त्यामुळे चुकीची वेल्श ही त्यांच्या लेखी छपाईची चूक राहत नाही.

मी हे चूक करूनच शिकले. रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. स्वागताचा एक कापडी फलक करायचा होता, भाषांतराला पैसे नाहीत असं मला सांगण्यात आलं आणि मी संगणकाकडून वाक्य करून घेतलं. गावाचं वेल्श नाव 'अ वेनी'. फलकावर छापून आलं 'क्रोयसो इ अ वेनी'. मंगळवारी मार्केट हॉलच्या दारात तो लावला. चीज विकणाऱ्या एक बाई आल्या, चष्मा कपाळावर सरकवला, फलक दोनदा वाचला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "असं आम्ही कधीच म्हणत नाही." बरोबर रूप आहे 'क्रोयसो इर वेनी'. आपण 'पुणेला स्वागत' असं छापलेलं पाहिलं तर जसं खटकेल, अगदी तसं. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं, पुणे-पुण्याला, तसं वेल्शमध्येही शब्द जोडताना रूप बदलतं, कित्येकदा तर शब्दाचं पहिलंच अक्षर. कार्डिफ म्हणजे 'काइरदीद', पण कार्डिफला म्हणायचं तर 'इ गाइरदीद'. ज्याची मातृभाषा मराठी आहे, त्याला ही कल्पना परकी वाटू नये. फलक त्या दिवशीच उतरवला. नव्याचे पैसे भाषांतरापेक्षा कितीतरी जास्त लागले.

२००८ मध्ये स्वान्सीत याहून मोठी चूक झाली होती. भाषांतराच्या विभागाकडून "मी सध्या कार्यालयात नाही" असं आपोआप आलेलं वेल्श उत्तर भाषांतर समजून रस्त्याच्या पाटीवर रंगवलं गेलं. म्हणून छापण्याआधी :

- मजकूर जाणकार भाषांतरकाराकडून करून घ्या. वेल्श भाषांतरकारांची व्यावसायिक संघटना आहे, तिथे नावं मिळतात.
- छोट्या व्यवसायांना वेल्श सरकारच्या 'हेलो ब्लॉद' या सेवेकडून थोडा मजकूर मोफत करून मिळतो. दुकानाची पाटी, मेन्यू एवढ्यासाठी ती उपयोगी आहे.
- छपाईला जाणारी अंतिम प्रत भाषांतरकाराला पुन्हा दाखवा. डिझायनर ओळ तोडताना गडबड करतो.
- द्वैभाषिक फलकात वेल्श आधी वाचली जाईल अशी ठेवा. सार्वजनिक संस्थांच्या पाट्यांना तो नियमच आहे.

स्वतः थोडी शिकाच. राष्ट्रीय वेल्श अध्ययन केंद्राचे नवशिक्यांसाठी वर्ग आणि कामाच्या ठिकाणी वापरायच्या वेल्शचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. 'बोरे दा' म्हणजे सुप्रभात, 'दीओल्ख' म्हणजे आभार. एक सूचना : दोन एल जोडून येणारा त्यांचा उच्चार आपला ळ नव्हे. जीभ ल च्या जागी टेकवा आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडा. लोक हसत नाहीत, उलट थांबून शिकवतात. सहकारी आपसात वेल्श बोलू लागले, तर ते तुम्हाला टाळतायत असं मनात आणू नका, आणि वरिष्ठांकडे तक्रार तर मुळीच करू नका. वेल्समध्ये एकमेकांशी वेल्श बोलण्याच्या स्वातंत्र्याला कायद्याचं संरक्षण आहे.

नावांच्या बाबतीतही गाव कुठे उभं आहे ते पाहा. शेजारच्या ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यानाने एप्रिल २०२३ मध्ये 'बन्नाय ब्रखाइनिओग' हे वेल्श नाव पुढे आणलं आणि जळत्या शेकोटीचं जुनं बोधचिन्ह बाजूला ठेवलं. त्यावर बरीच वादावादी झाली. तुमच्या माहितीपत्रकात कुठलं नाव घ्यायचं, हे एकट्याने ठरवू नका. मालकाशी बोलून संस्थेचा एक नियम करून घ्या.

कायद्याच्या ज्या चुका नव्याने आलेल्यांकडून होतात

*ईमेल आणि व्हिजिटिंग कार्डं.* जत्रेत कार्ड मिळालं म्हणजे जाहिरात पाठवायची परवानगी मिळाली असं नाही. व्यक्तीला जाहिरातीचं ईमेल पाठवायला तिची संमती लागते. तुमच्याकडून आधी काही घेतलेल्या ग्राहकाला तशाच मालाची माहिती पाठवता येते, पण पत्ता घेतानाच नकाराची सोय दिलेली हवी आणि प्रत्येक ईमेलमध्येही ती हवी. कंपन्यांना यात थोडी मोकळीक आहे, म्हणून अनेक जण "व्यवसायालाच तर पाठवतोय" असं समजतात. पण एकट्याच्या नावावर धंदा करणारा माणूस कायद्याने 'व्यक्ती' धरला जातो, आणि बाजारातले बहुतेक स्टॉलवाले तसेच असतात.

*ऐतिहासिक इमारतीवर फलक.* भिंत तीनशे वर्षांची असेल तर खिळा मारण्याआधी थांबा. संरक्षित यादीतल्या इमारतीच्या स्वरूपाला बाधा येईल असं काम परवानगीविना करणं हा वेल्समध्ये फौजदारी गुन्हा आहे. २०२३ चा ऐतिहासिक पर्यावरणाचा वेल्श कायदा नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. जाहिरात फलकासाठी वेगळी संमती लागू शकते, पदपथावर घडीची पाटी ठेवायलाही कौन्सिलला विचारावं लागतं. इमारत उद्यानाच्या हद्दीत असेल, तर नियोजनाचा अधिकार कौन्सिलकडे नव्हे, उद्यान प्राधिकरणाकडे असतो. हंगाम तोंडावर आल्यावर अर्ज केलात तर फलक पुढच्या हंगामातच लागेल.

*'वेल्श' हा शब्द.* वेल्श लँब आणि वेल्श बीफ ही भौगोलिक ओळख मिळालेली, संरक्षित नावं आहेत. कोकरू वेल्समध्ये जन्मलेलं आणि वाढलेलं हवं, कत्तलखानाही मान्यताप्राप्त हवा. डोंगराचा फोटो लावून कुठल्याही मटणाला ते नाव देता येत नाही. पुरवठादाराकडून कागद मागून घ्या.

*परीक्षणं.* खोटी परीक्षणं टाकणं किंवा टाकून घेणं एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये थेट बेकायदा आहे. "स्टाफने पाचपाच तारे द्या" असा निरोप वरून आला, तर नम्रपणे पण लेखी नकार द्या. छोट्या गावात आडनावावरूनच कळतं की कोण कुणाचं.

गावाचं कॅलेंडर

गावात आलात की दिनदर्शिकेवर आधी हे टिपून ठेवा : २५ जानेवारी हा संत द्विनवेनचा, वेल्श प्रेमिकांचा दिवस. १ मार्च संत डेव्हिडचा दिवस. फेब्रुवारी-मार्चमध्ये रग्बीची सहा देशांची स्पर्धा, वेल्सचा सामना असेल त्या दुपारी कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. जुलैत लानेलवेधला रॉयल वेल्श शो हे शेतीप्रदर्शन, त्या आठवड्यात शेतकरी तुमच्या हाती लागणार नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला राष्ट्रीय आयस्टेदफॉड, म्हणजे वेल्श भाषेचा सांस्कृतिक महोत्सव. मेंढ्या विण्याच्या दिवसांत शेतकऱ्याला फोटोसाठी वेळ मागू नका.

माध्यमांचंही तसंच. ॲबरगव्हेनी क्रॉनिकल हे १८७१ पासूनचं साप्ताहिक अजून वाचलं जातं. वेल्शभाषक भागांत 'पापुर ब्रो' नावाची, स्वयंसेवकांनी चालवलेली पंचक्रोशीची मासिकं असतात. त्यांतलं पहिलं १९७३ मध्ये कार्डिफमध्ये निघालं. तिथली अर्ध्या पानाची जाहिरात स्वस्त असते आणि ते पान महिनाभर स्वयंपाकघरात पडून राहतं.

तुमचे हक्क

- कामाच्या अटी लेखी मिळण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. "नंतर देतो" हे उत्तर चालवून घेऊ नका.
- वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा. पाच दिवसांचा आठवडा असेल तर २८ दिवस, पण यात सार्वजनिक सुट्ट्या धरलेल्या असू शकतात. करारात पाहा.
- सरासरी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा. ती सोडून देणाऱ्या कागदावर सही करण्याची सक्ती नाही.
- कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागण्याचा अर्ज पहिल्या दिवसापासून करता येतो. मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.
- २२ वर्षं पूर्ण झालेल्या आणि वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त पगार असणाऱ्याला मालकाने पेन्शन योजनेत आपोआप घालायचं असतं. मालकाचा वाटा किमान ३ टक्के.
- वंश, धर्म, लिंग, गरोदरपण यांवरून भेदभाव झाला, तर २०१० च्या समानता कायद्याचं संरक्षण आहे. अर्जदारालाही आहे, त्याला नोकरीची ठरावीक वर्षं लागत नाहीत.
- तक्रार असेल तर तारखांसह लिहून ठेवा आणि तीन महिने उलटण्याआधी 'एकास' या सरकारी सल्ला आणि समेट संस्थेशी संपर्क करा. मुदत टळली की बाजू कितीही खरी असली, तरी दाद मिळणं अवघड होतं.

पहिली पगारपावती आली की कराचा संकेतांक पाहा. वेल्समध्ये राहणाऱ्यांचा संकेतांक 'सी' ने सुरू होतो, सी म्हणजे कम्री, वेल्सचं वेल्श नाव. नोकरी कुठे आहे यावर नव्हे, घर कुठे आहे यावर तो ठरतो. तुम्ही हेरेफर्डला राहून इथे कामाला येत असाल तर 'सी' नसेल, आणि ते बरोबरच आहे.

सोडून जाताना

सूचनेचा कालावधी करारात असतो, मॅनेजर पदाला एक ते तीन महिने अनेकदा दिसतो. प्रायोजकत्वावर असाल तर राजीनाम्याआधी दुसरा मालक पक्का करा. नोकरी सुटल्याचं मालक गृह खात्याला कळवतो आणि त्यानंतर साधारणपणे ६० दिवसांची मुदत मिळते.

ग्राहकांची यादी सोबत नेऊ नका, स्वतःच्या ईमेलवर तर अजिबात पाठवू नका. मालकाच्या संमतीविना तो वैयक्तिक तपशील घेणं हा गुन्हा ठरू शकतो. पासवर्ड, छायाचित्रांचे मूळ संच, भाषांतरांच्या तपासलेल्या प्रती आणि छपाईवाल्याकडची येणी-देणी यांची एक फाइल करून द्या. आणि शेवटच्या आठवड्यात, नवं माणूस आलं असेल तर त्याला सोबत घेऊन मंगळवारी मार्केट हॉलमध्ये एक फेरी मारा. कोण कुठे बसतं, कुणाचा माल कुठून येतो, कुणाशी आधी घरचं बोलायचं आणि मग कामाचं, हे तिथेच उभं राहून सांगा. चीजवाल्या बाईंपाशी थोडा जास्त वेळ थांबा.